पद्मिनीचा मागचा दिवा दर पावसाळ्यात जातो: बल्ब नाही, होल्डर बदला

ब्रेक दाबला की उजवीकडचा दिवा लख्ख लागतो, डावीकडचा नुसता धुगधुगतो. इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर टेल लाइटही लुकलुकते. बल्ब काढून पुन्हा बसवला, होल्डरला दोन टिचक्या मारल्या की काही दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एक जोराची सर येते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांकडून, त्यातही मुंबई, अलिबाग, रत्नागिरी अशा खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्यांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की एकदा सविस्तर लिहायचंच ठरवलं.

साठच्या दशकात फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली, सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० च्या आसपासपर्यंत बाहेर पडत होती. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीसुद्धा आज पंचविशीच्या घरात आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. टॅक्सी होत्या तोवर कुठल्याही स्टँडजवळ या गाडीची वायरिंग डोळे मिटून लावणारा माणूस सापडायचा. आता तसे हात कमी झालेत. पण हे काम घरी, साध्या हत्यारांनी, एका रविवारी होण्यासारखं आहे. फक्त ते अर्धवट करायचं नाही.

आधी दिव्याचं वागणं बघा

लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा, कोणाला तरी आत बसवा आणि एकेक दिवा लावून बघा. भिंतीवरच्या उजेडात डावं-उजवं लगेच कळतं. फक्त पार्किंग, फक्त ब्रेक, फक्त इंडिकेटर, मग पार्किंग लावून ब्रेक, पार्किंग लावून इंडिकेटर. ही शेवटची दोन तपासणं बहुतेक जण करतच नाहीत, आणि खरी गोम तिथेच सापडते.

मागच्या मुख्य बल्बात दोन फिलामेंट असतात. पार्किंगचं ५ वॉटचं आणि ब्रेकचं २१ वॉटचं. दोघांना करंट वेगवेगळ्या पॉइंटवरून मिळतो, पण परतीची वाट एकच: बल्बचं पितळी बूड, तिथून होल्डरचं कवच, तिथून दिव्याची पाटी, म्हणजे होल्डर ज्यात बसतो तो पत्रा, आणि मग गाडीची बॉडी. ही परतीची वाट गंजून तुटली की करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. पार्किंग लावलं की तो ५ वॉटच्या फिलामेंटमधून येतो, बॉडीत उतरता येत नाही म्हणून २१ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो आणि पलीकडच्या दिव्याच्या ब्रेक फिलामेंटमधून बॉडीला मिळतो. जाड फिलामेंटचा अडथळा कमी, त्यामुळे पार्किंग जवळपास नेहमीसारखंच दिसतं. तुम्हाला वाटतं, दिवा ठीक आहे. आता पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरीत १२ व्होल्ट, पार्किंगच्या वायरीतही १२ व्होल्ट. दोन्हीकडे सारखाच दाब, मग करंट वाहणार कुठे? जळत असलेला दिवा ब्रेक दाबताच चक्क विझतो. रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हे कसं दिसत असेल याचा विचार करा. दिवा लागत नाही एवढंच नाही, थांबायच्या क्षणी तो गायब होतो.

हे लक्षण दिसलं की निदान झालंच म्हणायचं: अर्थिंग गेलं, म्हणजे ही परतीची वाट तुटली. पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबल्यावर दिवा पार्किंगइतकाच मंद लागत असेल, तर तेही याचंच भावंड. इंडिकेटरच्या तालावर टेल लाइट हलते, तेही हेच. कारण इंडिकेटरचा बल्ब त्याच पाटीवर बसलेला असतो आणि परतीची वाट त्यालाही तीच.

याउलट एकच काम बंद असेल, म्हणजे पार्किंग छान लागतंय पण ब्रेक अजिबात नाही आणि दिव्यांची सरमिसळ होत नाही, तर अर्थिंग शाबूत आहे. बल्बचं ते फिलामेंट गेलंय किंवा होल्डरमधला तेवढा पॉइंट बल्बला टेकत नाहीये. दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट एकदम गेले असतील तर होल्डरला हात लावू नका. आधी फ्यूज आणि ब्रेकचा स्विच बघा. जुने सिरॅमिकचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतील तर ते न वितळताही दगा देतात, कारण टोकांवर आणि त्यांना पकडणाऱ्या पत्तीवर तसाच गंज चढतो. बोटांनी जागच्या जागी फिरवून बघा. दिवा लागला तर पत्ती घासून घट्ट करा.

अजून एक. डायनॅमोवाल्या जुन्या गाडीत इंजिन स्लोवर असताना सगळेच दिवे थोडे मंदावतात. ते वेगळं. होल्डरचा आजार साधारण एका बाजूला जास्त दिसतो.

बल्ब काढून मोजू नका

मल्टिमीटर असेल तर इथे एक नेहमीची फसगत टाळा. बल्ब काढून, होल्डरच्या पॉइंटवर मीटर लावलं तर गंजलेल्या होल्डरमध्येही बारा व्होल्ट दिसतील. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजाचा अडथळा जाणवत नाही. मोजायचं ते बल्ब लागलेला असताना.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून डिकीपर्यंत एक लांब वायर ओढा. मीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक या वायरीला, लाल टोक होल्डरच्या धातूच्या कवचाला. ब्रेक दाबायला सांगा. चांगल्या गाडीत आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास येतो. ०.३ च्या वर गेला तर काम काढायला हवं. माझ्या गाडीच्या आजारी बाजूला तो दोन व्होल्टच्या वर होता. मग लाल टोक कवचावरून काढून पाटीवर, मग पाटीच्या स्क्रूवर, मग शेजारी बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ठेवत जा. जिथे आकडा एकदम खाली येतो, दोष त्या दोन जागांच्या मधे. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं होल्डरच्या मागच्या टर्मिनलला. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, कारण ती वायर लांबची आणि वाटेत स्विच, फ्यूज आहेत.

एवढ्याशा आकड्याने काय होतं, असं वाटेल. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. वाटेत फक्त अर्ध्या ओहमचा गंज असला तर बल्बला ११ च्या थोडं वर मिळतात. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून कितीतरी वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड साधारण तीस टक्के जातो. दोन ओहमचा गंज असेल तर निम्माही उरत नाही. शिवाय तो गंजलेला ठिपका स्वतः साडेतीन वॉटच्या आसपास उष्णता करत बसतो. होल्डरमधली बारीक स्प्रिंग त्या उष्णतेने मऊ पडते, पॉइंट बल्बवर दाबून धरत नाही, संपर्क आणखी ढिला होतो, उष्णता आणखी वाढते. म्हणून टिचकी मारल्यावर चालू झालेला दिवा लवकरच पुन्हा जातो.

काच उघडल्यावर

काचेचे स्क्रू सहज सुटणार नाहीत. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री घाला. स्क्रूच्या डोक्यावर पूर्ण बसेल असाच ड्रायव्हर घ्या आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाबा, मग सोडा. आपण काच म्हणतो ते प्लास्टिक इतक्या वर्षांच्या उन्हाने कडक झालेलं असतं. रबराला चिकटून बसलं तर खाली पाना घालून उचकटू नका. कोमट पाण्याचं फडकं थोडा वेळ धरा, मग बोटांनी हलवत सोडवा. जुनी मूळ काच फुटली तर तशी मिळवायला होल्डरच्या दसपट वणवण होते.

आत बघताना रंग लक्षात घ्या, ते बरंच सांगतात. पितळेच्या पॉइंटवर आणि तांब्याच्या वायरीवर हिरवा कळक, कल्हई गेलेल्या पातेल्यात आंबट ठेवल्यावर चढतो तसा. खाऱ्या हवेत तो निळसर आणि ओलसर असतो, बोटाला लागतो. कवचावर आणि स्क्रूवर तांबूस गंज म्हणजे लोखंड. पाटीवर पांढरी भुकटी दिसली तर ते जस्त. ओतीव भाग किंवा जस्ताचा मुलामा खाल्ला जातोय. तिन्ही एकाच दिव्यात दिसले तर आश्चर्य नको. वेगवेगळे धातू, मधे खारं पाणी, वरून १२ व्होल्ट. नीट बघितलं तर मधल्या पॉइंटवरचा कळक कवचापेक्षा जास्त दाट असतो. दिवा लागलेला असताना तो पॉइंट पॉझिटिव्ह असतो आणि ओलाव्यात पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळत जातो. पावसात दिवे लावून तासन् तास घाटातून गाडी चालवली की तेवढा वेळ आत हेच चालू असतं.

बल्ब अडकला असेल तर जोर लावू नका. काच फुटते आणि बूड आत राहतं. जाड हातमोजे आणि चष्मा घाला, बल्बवर फडकं गुंडाळा, आत दाबून मागे-पुढे थोडं थोडं फिरवा. बूड आत राहिलंच तर लांब चोचीच्या पकडीने कडा आत वळवून काढा. यासाठी अर्धा बटाटा दाबून फिरवायची युक्ती लोक सांगतात. ती चालते, पण बटाट्याचं पाणी होल्डरमध्ये राहतं. होल्डर तसाही टाकायचा असेल तरच करा.

घासून का भागत नाही

इथे माझं मत ठाम आहे. कळक चढलेला होल्डर घासून, पुसून परत वापरणं म्हणजे पुढच्या पावसाची तारीख घेणं. पॉलिश पेपरने घासलं की पितळेवरचा किंवा पत्र्यावरचा पातळ मुलामाच जातो. तो गेला की उघडा धातू पहिल्यापेक्षा लवकर गंजतो. मऊ झालेली स्प्रिंग घासून कडक होत नाही. आणि पॉइंट ज्या फायबरच्या चकतीत बसलेले असतात ती ओल पिऊन फुगलेली, जळून काळी पडलेली असते. तिच्यावरून करंट झिरपतो.

चिंच आणि मीठ लावून होल्डर चकचकीत करणारे मी पाहिलेत. दिसतो सुरेख. पण आंबट आणि मीठ दोन्ही स्प्रिंगच्या खाली, चकतीच्या फटीत राहतात, आणि तिथे पाण्याचा हात पोचत नाही. तांब्या-पितळेची भांडी आपण नंतर भरपूर पाण्याने धुतो, कोरडी करतो. होल्डरचं तसं करता येत नाही. व्हिनेगर, लिंबू यांचंही तेच.

होल्डर दुर्मीळ असेल, मूळच ठेवायचा हट्ट असेल आणि तो मला मान्यही आहे, तर निदान आतली चकती, स्प्रिंगा आणि पॉइंट नवीन घाला. कवच ठेवा, पोटातलं बदला.

होल्डर मिळवणं

मुंबईत ऑपेरा हाउसजवळचं स्पेअर पार्टचं मार्केट, कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. फियाटचा म्हणून मागितलात तर बऱ्याच दुकानांत मान हलते. माझा एका काउंटरवरचा संवाद असा होता:

‘काका, फियाटच्या मागच्या लाइटचा होल्डर आहे का?’

‘फियाटचा कुठला आता? ट्रॅक्टरचा देतो, चालेल?’

‘डबल कॉन्टॅक्ट असेल तर चालेल. बल्ब लावून दाखवा.’

ट्रॅक्टर-ट्रेलरच्या टेल लाइटला लागणारा डबल कॉन्टॅक्टचा होल्डर खरंच चालतो, कारण बल्बचं बूड जगभर एकाच मापाचं आहे: १५ मिलिमीटर. फरक पिनांचा. ब्रेक आणि पार्किंग एकत्र असलेल्या बल्बच्या दोन पिना वरखाली असतात आणि बुडाला दोन पॉइंट असतात. बाजारातल्या खोक्यावर ‘बीएवाय १५ डी’ असं लिहिलेलं असतं. इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बच्या पिना समोरासमोर एकाच उंचीवर आणि पॉइंट एक. तो ‘बीए १५ एस’. दुकानातच नवीन बल्ब घालून बघा. चुकीच्या बाजूने तो बसता कामा नये. पत्रा इतका पातळ असेल की थोडा जोर लावताच उलटा बसतोय, तर तो होल्डर घेऊ नका. उलटा बसलेला बल्ब पार्किंगला झगझगतो आणि ब्रेकला मिणमिणतो.

आणखी एक पारख. पॉइंट बोटाने दाबा. ताठपणे परत यायला हवेत, आणि दोन्ही सारख्या जोराने. होल्डरजवळ चुंबक धरा. कवच लोखंडी असलं तर मुलामा तरी एकसारखा आहे का बघा. पितळी मिळालं तर पाच-पन्नास रुपये जास्त द्यायला मागेपुढे बघू नका. होल्डरला कवचापासून स्वतंत्र अर्थिंगची वायर निघालेली असेल तर उत्तम. नसेल तर आपण काढू.

काढणं आणि बसवणं

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. वायरींचा फोटो घ्या आणि प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा लावून काय ते लिहा. रंगांवर विसंबू नका. इतक्या वर्षांत कोणीतरी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली असतेच.

जुना होल्डर पाटीत दाबून, मागून कड फुलवून बसवलेला असतो. ती फुललेली कड कानशीने हळूहळू उतरवा आणि होल्डर पुढून ढकलून काढा. ड्रिलने घाई केलीत तर पाटीचं भोक मोठं होतं आणि नवीन होल्डर डुगडुगतो. होल्डर बाहेर आला की पाटीवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. परावर्तक म्हणून आत चंदेरी रंग असतो तो उडालेला असेल तर आत्ताच मारून घ्या, मात्र होल्डर जिथे टेकतो ती जागा झाकून. बल्ब, होल्डर नवीन आणि मागचा भाग काळपट, तर निम्मा उजेड तिथेच मरतो.

आता वायर. इथे बहुतेक दुरुस्त्या फसतात. टर्मिनलजवळ वायर कापून सोलली की आतली तांब्याची तार लालसर चमकायला हवी. जुन्या पद्मिनीत ती बहुधा काळी निघते. पाणी तारेच्या धाग्यांमधून केसासारखं वर चढतं, प्लास्टिकच्या आत, बाहेरून काही दिसत नाही. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, पत्र्याची क्लिप दाबली तरी संपर्क कच्चा राहतो. इंच-इंच मागे कापत जा. चकाकी लागेपर्यंत. चार-सहा इंच गेले तरी हरकत नाही, तेवढा नवीन तुकडा जोडा. त्याहून पुढेही काळीच असेल तर डिकीतल्या जोडापासून नवीन वायर ओढा. पॉझिटिव्ह वायरींना १ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक धाग्यांची तांब्याची वायर पुरते.

जोड दाबून, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी घाला. काळी टेप नको. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात तिच्या घड्यांत पाणी साठतं. सोल्डर करणार असाल तर राळेचा फ्लक्स असलेलीच तार वापरा. पत्र्याचे डबे जोडणारे वापरतात ते अ‍ॅसिड इथे लावलंत तर वर्षाच्या आत जोड हिरवा झालेला दिसेल.

आणि आता मुख्य गोष्ट. नवीन होल्डर पाटीत घट्ट बसवला तरी परतीची वाट पाटीवर आणि स्क्रूंवर सोडू नका. होल्डरच्या कवचाला मागून दीड चौरस मिलिमीटरची वायर सोल्डर करा किंवा रिबेटने लग (वायरीच्या टोकाला लावायचं धातूचं टर्मिनल) लावा. इंडिकेटरच्या होल्डरवरूनही तशीच एक घ्या. दोन्ही एकत्र करून डिकीच्या आत, कोरड्या जागी, बॉडीच्या चांगल्या पत्र्यावर गोल लगने बसवा. एका बाजूचे सगळे बल्ब एकदम लागले तरी चार अँपिअरच्या आसपासच करंट होतो, ही वायर तो सहज पेलते. लगखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा एक हात द्या. आधी नाही.

हे मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. गाडी जशी कारखान्यातून आली तशी अर्थिंगची वाट उघड्या धातूवरून होती. मध्ये डेंटिंग-पेंटिंग झालं. पुट्टी, प्रायमर, रंग पाटीच्या बैठकीवरही बसला. दिवा परत लावताना स्क्रूच्या दोन-तीन आट्यांवर जेवढा धातू धातूला लागला तेवढीच वाट उरली. रंगकाम करून आल्यावर मागचे दिवे खोड्या करायला लागले, असं बरेच मालक सांगतात. स्वतंत्र वायर टाकली की कोणी कितीही रंग मारो, फरक पडत नाही. मूळपणाचा आग्रह असणाऱ्यांनाही सांगतो, काळी वायर पाटीच्या मागे जाते, बाहेरून काही दिसत नाही.

बल्ब घालण्यापूर्वी पॉइंटवर आणि बुडावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन बॅटरीच्या टर्मिनलवर ठीक आहे, इथे नाही. २१ वॉटचा बल्ब तापला की ते पातळ होऊन ओघळतं. चाकाचं ग्रीसही नको. आणि बल्ब नवीनच घाला. जुन्या बल्बच्या बुडावरचे शिशाचे पॉइंट खड्डे पडलेले असतात, ते नव्या होल्डरलाही खराब करतात.

बॅटरी जोडा, मघाचं सगळं मोजमाप पुन्हा करा. कवच ते बॅटरी निगेटिव्ह, ब्रेक दाबून. माझ्याकडे दोनवरचा आकडा ०.०८ वर आला, आणि ब्रेकचा उजेड मागच्या भिंतीवर दिवसाही दिसायला लागला.

पाणी कुठून येतं

होल्डर बदलला, वायर बदलली, पण पाणी तसंच येत राहिलं तर काही वर्षांनी हेच पुन्हा करावं लागेल. काचेखालचं रबर कडक झालं असेल तर नवीन घाला. तयार मिळालं नाही तर २ किंवा ३ मिलिमीटर जाडीच्या स्पंज रबराच्या शीटमधून काचेचा ठसा घेऊन कापता येतं. काचेला केसासारखी चीर असेल तर आतून बल्ब लावून अंधारात बघा, लगेच दिसते.

डिकीचं रबरही तपासा. पाणी बऱ्याचदा काचेतून नाही, डिकीच्या कडेवरून आत येऊन दिव्याच्या पाठीवर ओघळतं. कोणाला तरी टॉर्च देऊन आत वाकायला सांगा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा. पाण्याची वाट दोन मिनिटांत सापडते.

काचेभोवती सिलिकॉन भरून कायमचं बंद करून टाकायचा मोह होईल. दोन कारणांनी थांबा. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून खरोखरच अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि बंद जागेत ते तांबं-पितळ खातं. दुसरं, दिवा तापतो, थंड होतो, हवा आत-बाहेर करते. सगळीकडून बंद केलेल्या दिव्यात वाफ शिरते ती बाहेर पडत नाही. खाली निचऱ्याचं भोक असेल तर ते पुट्टीने किंवा रंगाने बुजलंय का बघा आणि मोकळं करा. वरून आणि बाजूंनी रबर घट्ट, खालून वाट मोकळी. वापरायचंच असेल तर न वासाचं, न्यूट्रल सिलिकॉन घ्या, आणि तेही फक्त वरच्या कडेला.

एलईडी बल्ब घातले तर?

हा प्रश्न हमखास येतो. एलईडी बल्ब फारच कमी करंट घेतो, त्यामुळे गंजलेल्या होल्डरवरही तो लख्ख लागतो आणि आजार बरा झाल्यासारखा वाटतो. गंज मात्र आत वाढतच असतो. शिवाय इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला ठरावीक भार लागतो. इंडिकेटरला एलईडी लावली की त्याची लय बिघडते किंवा तो अडकून बसतो, मग फ्लॅशरही बदलावा लागतो. जुनी काच आणि परावर्तक फिलामेंटच्या जागेवरून फेकला जाणारा उजेड धरून बनवलेले आहेत, एलईडीचा उजेड तिथून तसा पसरत नाही. लाल काचेमागे पांढरी एलईडी तर फिकट गुलाबी दिसते. घालायचीच तर लाल घ्या, पण आधी होल्डर आणि अर्थिंगचं काम उरका.

उजवी बाजू चालतेय म्हणून तशीच सोडू नका. डावीकडचा होल्डर ज्या पावसात भिजला त्याच पावसात तीही भिजली आहे, आणि हत्यारं, वायर, ग्रीस सगळं तुमच्या हाताशी आहे. नंबर प्लेटचा दिवाही त्याच दिवशी उघडा. तो सगळ्यात खाली, चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या माऱ्यात असतो आणि तिथे कोणी बघत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओत न्याल तेव्हा मात्र तो लागतो की नाही हे नक्की बघितलं जातं. त्याचा होल्डर ५ वॉटचा, एकाच पॉइंटचा, खर्च नगण्य. त्यालाही तशीच स्वतंत्र अर्थिंगची वायर द्या आणि डिकीतल्या त्याच बोल्टवर आणून टाका.